आमच्या सोसायटीच्या गुलमोहरात पिंगळा राहतो. तुमच्याकडे?

सांजवात
१४ जानेवारी, रात्री १०.१२

गेले दीड-दोन महिने रोज दिवेलागणीला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कुणाचं तरी कडाक्याचं भांडण लागायचं. चिर्रर्र... चिर्रर्र... मग चिवाक्-चिवाक्-चिवाक्, आणि एकदम सगळं शांत. साळुंक्या असतील म्हणून मी सोडून देत होते. कुकर लावायची वेळ ती, बाहेर जाऊन बघणं व्हायचंच नाही.

आज संक्रांत. तिळगूळ द्यायला सी इमारतीत गेले होते. परत येताना गुलमोहराखाली आमचे रखवालदार काका मान वर करून उभे. मला बघून त्यांनी हाताने थांबायची खूण केली. "ताई, हळू या. ती बघा जोडी."

आडव्या फांदीवर दोन करड्या-तपकिरी गाठोड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आकार साळुंकीएवढाच, पण अंगाने गुबगुबीत. अंगभर पांढरे ठिपके. त्यातल्या एकाने मान फिरवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. पिवळेजर्द डोळे, वर पांढऱ्या भुवया. मग ते खाली दबलं, झटकन ताठ झालं, पुन्हा दबलं, पुन्हा ताठ. तीन-चारदा हे करून त्याने मान गोल फिरवली, जणू मी किती लांब उभी आहे ते मोजत होतं. दुसऱ्याने तेवढ्यात जोडीदाराच्या कानामागची पिसं चोचीने विंचरायला सुरुवात केली.

काका बीडकडचे. "याला पिंगळा म्हणतात, आमच्या शेतातल्या विहिरीच्या कपारीत असायचा," म्हणाले. ते चार वर्षं या जोडीला बघताहेत. मी या सोसायटीत एकवीस वर्षं राहते आणि मला आज कळलं.

ढोलीही त्यांनीच दाखवली. फार वर्षांपूर्वी कुणी तरी जाड फांदी मधेच कापली होती, तिचं खोड कुजून आत पोकळी झाली आहे. तोंड जेमतेम माझी मूठ जाईल एवढं.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला. तुमच्यापैकी कुणाच्या वस्तीत पिंगळा आहे का? कुठे राहतो, काय खातो, कसा शोधलात? सगळं वाचायला आवडेल.

वाटसरू
१४ जानेवारी, रात्री ११.०५

सांजवातताई, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरज नाही. हा ठिपकेवाला पिंगळाच, शास्त्रीय नाव अथेनी ब्रामा. लांबी साधारण २१ सेंटीमीटर. माणसाच्या वस्तीत राहणारं हे आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं छोटं घुबड. दाट जंगल त्याला मानवत नाही. शेतं, आमराया, जुने वाडे, कॉलन्या ही त्याची जागा. बहुतेक वेळा जोडीने किंवा कुटुंबाने राहतो, आणि एकदा ढोली आवडली की वर्षानुवर्षं तीच धरून ठेवतो.

शोधायचा कसा, हे विचारलंत म्हणून माझी पद्धत सांगतो. गेली पंधरा वर्षं मी सहकारनगर, पर्वती पायथा, कोथरूड या भागांत संध्याकाळचं फिरणं याच नादात करतो.

आधी दिवसा झाडं बघून ठेवायची. नवीन लावलेली, सरळ वाढलेली झाडं सोडून द्या. जुना गुलमोहर, पिंपळ, आंबा, कडुनिंब, शिरीष, रेन ट्री, आणि त्यात जिथे फांदी तुटली किंवा कापली आहे ती जागा. ढोलीच्या तोंडाखाली खोडावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की तिथे कुणीतरी राहतं हे नक्की. मग झाडाखालची जमीन बघायची. घुबडं न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटे टाकतात. पिंगळ्याची गोळी बोटाच्या पेराएवढी, करडी, वाळली की हलकी आणि भुसभुशीत.

नंतर कान. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पिंगळे बाहेर येतात आणि शिकारीला निघण्याआधी एकमेकांना हाका मारतात. ती पंधरा मिनिटं हुकली की मग अंधारात शोधणं अवघड.

तिसरी खूण दिवसाची. भर दुपारी बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, कोतवाल, खारी असे सगळे मिळून एकाच फांदीवर आरडाओरडा करत असतील, तर थांबून बघा. साप असतो, मांजर असतं, नाहीतर पिंगळा असतो. दिवसा घुबड दिसलं की लहान पक्षी त्याला हुसकून लावायला धावतात.

एक विनंती. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. दुसरा पिंगळा आपल्या हद्दीत घुसला असं त्याला वाटतं आणि तो ढोली सोडून भांडायला येतो. विणीचा हंगाम आहे, नोव्हेंबर ते एप्रिल. टॉर्च आणि फ्लॅशही नको. रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात पुरेसं दिसतं.

चाफा
१५ जानेवारी, सकाळी ९.३०

वाचतेय. आमच्या बाल्कनीसमोरच्या आंब्यावर असाच आवाज येतो. पण सासूबाई म्हणतात, ते घुबड आहे, घराकडे तोंड करून ओरडलं की घरात वाईट घडतं. त्या रोज संध्याकाळी खिडकी लावून घेतात. त्यांचं वय ८१. त्यांना दुखवायचं नाही, पण पक्ष्यालाही कुणी हाकलू नये असं वाटतं. काय करू?

वऱ्हाडवाट
१५ जानेवारी, दुपारी १.१८

अमरावतीला आमच्या घरासमोरच्या कडुनिंबावर तीन पिढ्या बघितल्या. थंडीत सकाळी आठ-साडेआठला ढोलीच्या तोंडाशी येऊन ऊन खात बसतात. डोळे मिटलेले, पिसं फुगवलेली. आमच्या आईचं घड्याळच झालं होतं ते. "पिंगळे बाहेर आले, आता वाळवण टाका."

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि रात्री कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला येतात. शेतकऱ्यांना माहीत आहे हे. त्या आठवड्यात आमच्या पिंगळ्यांची दिवाळी असते. तारेवर बसायचं, खाली झेप, पायात भुंगेरा घेऊन परत तारेवर. पंख तोडून टाकायचे आणि गिळायचं. एका संध्याकाळी मी अर्धा तास मोजलं, एकाच पक्ष्याने सतरा नेले. हुमणीच्या अळीने मुळं खाल्लेलं पीक ज्याने बघितलंय त्याला या सतराचा अर्थ कळेल.

गोदाकाठ
१५ जानेवारी, संध्याकाळी ७.४४

नाशिकला पंचवटीत माझ्या आजोळच्या वाड्याच्या मागच्या भिंतीत पिंगळा होता. झाड नव्हतंच. दगडी भिंतीतला एक दगड निसटून कोनाडा झाला होता, त्यात. आम्ही मुलं खाली गोट्या खेळायचो आणि तो वरून बघत असायचा. वाडा पाडून आता सहा मजली इमारत झाली. तिच्या भिंतीत चिमणीलाही जागा नाही, पिंगळ्याची गोष्टच सोडा. मी दरवर्षी जाते तेव्हा संध्याकाळी उगाच थांबते, ऐकायला.

मावळती
१५ जानेवारी, रात्री ९.०२

चाफा, सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना पिंगळा जोशाची आठवण करून द्या. त्यांच्या लहानपणी पहाटे, अंधार असताना, हातात कंदील आणि कुडमुडं वाजवत तो दारात यायचा. त्याला पिंगळ्याची भाषा कळते, झाडावरचा पक्षी काय म्हणाला ते तो घरच्यांना सांगतो, असं लोक मानत. म्हणजे त्याच पक्ष्याचा बोल ऐकायला आपली माणसं सुपात धान्य घेऊन दारात उभी राहायची. नावसुद्धा त्या माणसाला पक्ष्यावरूनच मिळालं.

माझ्या आजीने सांगितलेलं आणखी एक. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून घासत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. समजूत खरी नाही, पण आमच्या गावात या एका भीतीने कुणी पोराने घुबडावर दगड उचलला नाही. जुन्या माणसांच्या मनात दोन्ही असतं. त्यातलं जे पक्ष्याच्या बाजूचं आहे ते त्यांच्याच तोंडून बोलतं करायचं.

चाफा
१६ जानेवारी, रात्री ८.५०

मावळतीताई, खूप आभार. आज चहाच्या वेळी विषय काढला. सासूबाई अर्धा तास बोलत होत्या. त्यांच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, पिंगळा यायचा. त्याच्या डोक्यावर काय असायचं, त्याला त्यांची आई जोंधळे द्यायची, कुणाच्या लग्नाचं त्याने काय सांगितलं होतं, सगळं. मग स्वतःच म्हणाल्या, "तो हाच का पक्षी?" आज खिडकी सात वाजेपर्यंत उघडी होती.

तापीकाठ
१७ जानेवारी, सकाळी ११.२६

पिंगळ्यावर धागा आहे आणि रानपिंगळ्याचं नाव नाही, हे मला शहादेकराला कसं चालेल?

दिसायला बराच सारखा, म्हणून लोक फोटो टाकून "शहरात रानपिंगळा दिसला" असं लिहितात. तो नसतो. डोकं बघा. तुमच्या कॉलनीतल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, ठिपके असलेच तर अगदी पुसट. आणि तो जंगलाचा पक्षी आहे, सोसायटीत येणार नाही.

१८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं पहिलं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नाही. मधे १९१४ चा एक नमुना होता, माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात. पण तो जुना, दुसऱ्याने गोळा केलेला नमुना चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या ठिकाणामुळे लोक भलत्याच जागी शोधत राहिले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, खऱ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासोबत आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी तो समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि नंतर तानसाच्या जंगलातही सापडला.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या तालुक्याचं नाव जगभर गेलं ते एका मुठीएवढ्या घुबडामुळे, हे आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं.

माडबन
१७ जानेवारी, रात्री १०.३१

सावंतवाडीहून. आमच्याकडे वाडीत जास्त दिसतो तो जंगली पिंगळा, वरच्या रानपिंगळ्याहून वेगळा. त्याला ठिपके नाहीत, अंगभर आडवे बारीक पट्टे. आवाज भांडखोर नाही. सावकाश सुरू होतो, वेग वाढत जातो आणि मधेच तुटतो. दिवसाढवळ्याही ओरडतो. गोव्याच्या बाजूलाही हाच. कोकणातल्या मंडळींनी ठिपके शोधून निराश होऊ नये, पट्टे बघावेत.

शिंगळाही आहे. डोक्यावर पिसांची दोन शिंगं, डोळे पिवळे नसून काळपट. रात्री थांबून थांबून एकच मऊ "वूक?" म्हणतो, प्रश्न विचारल्यासारखा. तो दिवसा झाडाच्या सालीत असा मिसळून बसतो की दोन हातांवर असून दिसत नाही.

सांजवात
१९ जानेवारी, रात्री ९.१५

किती भरभरून लिहिताय सगळे. वाटसरूदादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी झाडाखाली बघितलं. तीन गोळ्या मिळाल्या. एक घरी आणली, वर्तमानपत्रावर कोमट पाण्याचे थेंब टाकून दाभणाने सोडवली. लेक शेजारी बसली होती, भिंग घेऊन.

काय काय निघालं: भुंगेऱ्यांच्या पाठीची कवचं, हिरवट काळी, अजून चकाकणारी. नाकतोड्याचे करवतीसारखे काटे असलेले पाय. उंदराचा खालचा जबडा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा, त्याचा पुढचा दात नारिंगी. पालीच्या किंवा सरड्याच्या हाडांचा बारीक चुरा. आणि हे सगळं करड्या केसांच्या गादीत गुंडाळलेलं. लेकीने एकेक वस्तू कागदावर चिकटवून खाली नावं लिहिली. तो कागद आता फ्रिजवर आहे.

गुलमोहराच्या शेंड्याला मांजाही अडकलेला दिसला. संक्रांतीचा. काकांनी बांबूला कोयती बांधून निघेल तेवढा काढला. नायलॉनचाच होता, तोडताना हाताला काचला. हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली त्यावर, तरी मिळतो. अंधारात उडणाऱ्या पक्ष्याला तो दोरा दिसणार कसा?

दूरदेशी
२० जानेवारी, पहाटे ५.४०

फ्लोरिडातून लिहिते आहे. आमच्याजवळच्या केप कोरल शहरात पिंगळ्याचा चुलतभाऊ राहतो, त्याच अथेनी कुळातला, पण जमिनीत बीळ करून. घरांच्या मधे जे रिकामे प्लॉट आहेत, त्यांत. तेच त्या शहराचं मानचिन्ह आहे. बिळाभोवती स्वयंसेवक चार पांढरे पाइप रोवतात आणि टी आकाराची बसायची काठी लावतात, म्हणजे गवत कापणाऱ्याला कळतं की इथे थांबायचं. काही जण आपल्या घरासमोरच्या हिरवळीत स्वतःहून बिळाची सुरुवात खणून ठेवतात, यावं म्हणून.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो असाच दबला, ताठ झाला, दबला. सोलापूरच्या आमच्या जुन्या घराच्या कौलाखालचा पिंगळा हेच करायचा. गाडीत बसून खूप वेळ रडले.

सांजवात
६ फेब्रुवारी, रात्री ११.२०

धागा वर काढतेय, कारण मदत हवी आहे.

आज फलकावर नोटीस लागली. गुलमोहराची "धोकादायक फांदी" काढायची आणि ढोली सिमेंटने बुजवायची, पाणी मुरून खोड कुजू नये म्हणून. ठेकेदार सोमवारी येणार. ती फांदी म्हणजे ढोलीच आहे. जोडीतला एक गेले बारा दिवस बाहेर फार कमी दिसतो. काका म्हणतात अंडी असणार. त्यांना बोलायची हिंमत नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

वाटसरू
६ फेब्रुवारी, रात्री ११.४८

ताई, वेळ आहे, घाबरू नका. तीन गोष्टी उद्या सकाळीच.

महानगरपालिकेची परवानगी घेतली आहे का, ते लेखी विचारा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आहे. वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय सोसायटीला स्वतःच्या आवारातलं झाडही तोडता येत नाही. मोठ्या फांद्यांच्या छाटणीलाही परवानगी लागते. उद्यान विभागाचा माणूस येऊन बघून जातो.

दुसरं, सगळी घुबडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. अंडी-पिल्लं असलेलं घरटं नष्ट करणं गुन्हा आहे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे नोंद करा. नोंद झाली की कागद तयार होतो आणि कागद असला की समिती ऐकते.

तिसरं, सिमेंटने झाड वाचत नाही. लाकूड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मधे फट पडते, तिथेच पाणी साठतं आणि कूज आत वाढते. पूर्वी ही पद्धत सर्रास होती, आता झाडांचे जाणकार ती करत नाहीत. हे अध्यक्षांना शांतपणे सांगा. त्यांनाही झाड पडायला नको आहे, त्यांची काळजी खरी आहे.

वऱ्हाडवाट
७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आणि तो लेकीचा कागद घेऊन जा, गोळीतून निघालेल्या वस्तूंचा. उंदराचा जबडा बघितल्यावर माणसं लवकर ऐकतात.

सांजवात
९ फेब्रुवारी, रात्री १०.०५

कागद नेला. बैठकीत तो हातोहात फिरला. बी इमारतीतले एक काका, जे कधी बोलत नाहीत, म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. हा फुकट काम करतोय आणि आपण त्याचं घर बुजवणार?"

परवानगी घेतलेलीच नव्हती. माहीत नव्हतं त्यांना. उद्यान विभागाचे निरीक्षक काल येऊन गेले. फांदीचा रस्त्याकडे झुकलेला वाळका भाग तेवढा धोक्याचा आहे. ढोलीचा बुंध्याकडचा साडेतीन-चार फुटांचा तुकडा भक्कम आहे, तो ठेवायचा. वाळका भाग मे महिन्यात, पिल्लं उडाल्यावर काढायचा. तोवर खाली गाड्या लावायच्या नाहीत. समितीने तसं लिहून फलकावर लावलंय.

पानगळ
१० फेब्रुवारी, दुपारी ३.३३

फार बरं वाटलं वाचून. एक गोष्ट जोडते, मी पशुवैद्यक आहे. सोसायटीत उंदीर मारायला विषारी वड्या टाकत असतील तर त्या थांबवा. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि पिंगळ्याला तोच सोपा सापडतो. विष त्याच्या पोटात, आणि पिल्लांच्याही. माझ्याकडे आलेल्या एका पिंगळ्याच्या चोचीतून रक्त येत होतं, जखम कुठेच नव्हती. तो वाचला नाही.

चिकट पुठ्ठेही नकोत. उघड्यावर ठेवले की पाली, चिमण्या, पिंगळे, सगळेच त्यात सापडतात. पिंजरा लावा, कचऱ्याचे डबे झाका. आणि कुठे चिकटलेला पक्षी दिसला तर ओढून काढू नका, पिसं सोलून निघतात. पुठ्ठ्यासकट खोक्यात ठेवून दवाखान्यात आणा.

चाफा
२८ मार्च, संध्याकाळी ७.५५

कुणी आहे का? आमच्या आंब्याखाली पिंगळ्याचं पिल्लू पडलंय. कापसासारखं आहे, डोळे उघडे, चोच टकटक वाजवतंय. मांजर फिरतंय. सासूबाईंनी त्याच्यावर बांबूची टोपली पालथी घातली आहे. दूध पाजू का?

पानगळ
२८ मार्च, संध्याकाळी ८.०१

दूध नाही, पाव नाही, तोंडात पाणीही नाही. टोपली छान केलीत. पंख लोंबतोय का, रक्त आहे का, दोन्ही पायांनी पकडतंय का, एवढं बघून सांगा. रुमाल टाकून उचला, नखं टोचतात.

चाफा
२८ मार्च, रात्री ८.०९

रक्त नाही. रुमाल घट्ट पकडला त्याने दोन्ही पायांनी.

पानगळ
२८ मार्च, रात्री ८.१४

मग ते धडधाकट आहे. नीट उडता येण्याआधीच पिल्लं ढोलीबाहेर येतात, फांद्यांवर चढतात, पडतात. आई-बाप जवळच आहेत आणि त्याला भरवतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. स्टूल घेऊन जितक्या उंच फांदीवर ठेवता येईल तितकं ठेवा, मांजराला तासभर घरात घ्या, आणि सगळे आत जाऊन दिवा मालवा. रात्री दहापर्यंत कुणीच आलं नाही तर हवा जायला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि १९२६ ला कळवा.

चाफा
२८ मार्च, रात्री ९.२७

आली. आई आली. सासूबाई आणि मी अंधारात खिडकीशी बसलो होतो. आधी वरून चिर्रर्र ऐकू आलं, मग पिल्लाने सायसाय असा आवाज काढला, आणि ती त्याच्या शेजारी उतरली. पायात काहीतरी होतं, पाल असावी. दोन घासांत संपलं. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. म्हणाल्या, "तिला सांग, टोपली इथेच ठेवलीय."

वाटसरू
२९ मार्च, सकाळी ६.५०

आजींना माझा नमस्कार सांगा.

एकाच घरट्यातली पिल्लं लहान-मोठी दिसली तर नवल वाटून घेऊ नका. पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत. अंडी तीन-चार, पांढरी आणि गोलसर. म्हणजे आणखी एक-दोन पडतील कदाचित, टोपली खरंच तिथेच राहू द्या.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने २०१८ च्या नोव्हेंबरात घुबडांचा उत्सव भरवला होता, तिथे मी गेलो होतो. शाळेच्या मुलांनी घुबडांचे मुखवटे, चित्रं, कंदील केले होते. गावातली एक म्हातारी बाई प्रत्येक चित्रापुढे थांबून नाव विचारत होती. काल रात्री तुमच्या सासूबाईंचं वाचून ती आठवली.

गोदाकाठ
२९ मार्च, रात्री ९.४०

हे सगळं वाचून एक काम केलं. आमच्या नव्या इमारतीच्या मागे एक जुनी चिंच उरली आहे. तिच्यावर सुताराकडून लाकडी पेटी करून बसवली, पिंगळ्यासाठी. आठवड्यात साळुंक्यांनी बळकावली. असू दे. चिंचेच्या खोडातच वर एक भोक दिसलंय, त्याखाली पांढरे ओघळ आहेत. उद्या दिवेलागणीला जाऊन थांबणार आहे.

गोदाकाठ
३० मार्च, संध्याकाळी ७.१६

आहे.

सांजवात
११ जून, रात्री ९.५८

काल पुण्यात पहिला जोराचा पाऊस झाला. आज संध्याकाळी गेटजवळच्या दिव्याभोवती भुंगेरे आणि पंखवाल्या वाळवीचा नुसता धूर. केबलच्या तारेवर आमची मंडळी ओळीने बसली होती. दोन मोठी, तीन त्याच वर्षाची, अंगावरचे ठिपके अजून पुसट, भुवया मात्र आई-बापासारख्याच ठसठशीत. लहान्यांपैकी एक झेपावला, भुंगेऱ्याच्या हातभर पुढे उतरला, चालत मागे आला आणि पायाने दाबून धरला. काका आणि मी गेटच्या आत उभे राहून बघत होतो. गाडी आली की काका हात करून तिचा दिवा खाली करायला सांगत होते.

मे महिन्यात ठरल्याप्रमाणे वाळकी फांदी निघाली. ढोलीचा तुकडा तसाच आहे. सध्या तिथे खार सुतळी आणि कापूस भरतेय. काका म्हणाले, "राहू द्या तिला नोव्हेंबरपर्यंत. मग तो आपली जागा मागून घेईल."